ओलेत्यानं धरलेली तोटी

द्वारकाकाकूंमुळे माझी नाशिकची नोकरी टिकली. आज ओला हात नळाला लागला, बोटांत मुंग्या आल्या आणि त्याच आठवल्या.

सन पस्तीसच्या आसपासची गोष्ट. तिसरीतून शाळा सोडलेली मी कोकणातून त्यांच्या घरी स्वयंपाकाला आले होते. घरात नुकतेच विजेचे दिवे आले होते. पहाटे ओलेत्यानं पाणी भरताना नळाची पितळी तोटी धरली, की हात कोपरापर्यंत झिणझिणायचा.

काकूंचे यजमान, गुरुजी, तीच तोटी धरून हसायचे. "मला नाही चावत ती! कामाचा कंटाळा असेल तर गावी जा परत." गावी कुठल्या तोंडानं जाणार? आणि नळ माणसं ओळखतो की काय, हेही कळेना.

एके दिवशी काकू मात्र गुरुजींच्या पायांकडे बघत होत्या. "अहो, त्या लाकडी खडावा काढा आणि मग धरा."

गुरुजींनी अनवाणी तोटी धरली. "अगं आई गं!"

"मग, तुम्ही कधी निघताय गावी?" काकूंनी विचारलं.

दुपारी विजेचा मिस्त्री आला. नळाला घासून सोललेली तार त्यानं बदलली.

काकू आता थकल्यात म्हणे. एकदा नाशिकला जाऊन त्यांच्या आंघोळीचं पाणी मी माझ्या हातानं काढणार आहे.