पहिल्या हाकेची ओ

उमरठच्या वरच्या वाडीत बसून निशिगंधा फ्रीजच्या तक्रारी ऐकते. कंपनी पुण्याची, पडवी इथली. घरून काम द्यायचं ठरलं तेव्हा कंपनीने सगळं विचारून घेतलं होतं. खुर्ची आहे का, लाईट किती वेळ जाते, मागे पोरं रडतात का. दिवेलागणीला त्या घरात काय होतं, हे विचारायचं मात्र कुणाला सुचलं नाही.

आमच्याकडे दिवा लागल्यावर नावाने हाक आली तर पहिल्या हाकेला ओ देत नाहीत. दुसरीलाही नाही. जे माणसातलं नसतं त्याला तिसरी हाक मारता येत नाही, म्हणतात. निशिगंधाचा नवरा महादू याला हसायचा. एका पावसाळ्यात तिन्हीसांजेला ओढ्याच्या अंगाने "महादू" अशी हाक आली. घरात सगळ्यांनी ऐकली. तो "ओ" म्हणाला, बाहेर गेला, आणि वरून डोंगर खचून आला. अंगणाच्या कडेला येऊन थांबला. महादू सापडला नाही. हाक कुणाची, तेही कळलं नाही. वाडीतला जो तो म्हणाला, मी नाय मारली.

गिऱ्हाईक नुसतं हॅलो म्हणतं, त्याच्याशी ती बोलते. पण माणूस जागेवर आहे का बघायला पुण्याच्या ऑफिसातल्या दिशा मॅडम संध्याकाळी कानात एकदाच "निशिगंधा?" म्हणायच्या, आणि हिला ओ देववायची नाही. मॅडम थोडं थांबून गैरहजर लावायच्या.

शेवटी एका दुपारी त्या बोलल्या, "अगं, तुझं काम चांगलं आहे. पण वरचे म्हणतात, संध्याकाळी ही घरात नसतेच. आज पुन्हा तसं झालं तर पुण्याला येऊन बसावं लागेल."

"मी घरातच असते मॅडम."

"मग ओ का देत नाहीस?"

खरं सांगितलं तर बाई हसतील. "नेटवर्क," ती म्हणाली.

सासूला, ठकूबाईला, तिने सांगितलं, "आत्या, दोघी पुण्याला जाऊ. खोली बघू."

"तू जा गो. मी हितनं हलायची नाय. तो आला नि दाराला कुलूप दिसलं तर?"

"एकट्या कशा राहाल?"

"मग दे की ओ. मुक्यानं बसायचा पगार देतात व्हय तुला?"

"नाय देववत, आत्या."

म्हातारीने पुढे ताणलं नाही. तिन्हीसांजेला दिवा लावला आणि निशिगंधाजवळ येऊन बसली. "त्या फोनचा आवाज भायेर काढ."

निशिगंधाने कानातली वायर काढली.

"निशिगंधा?"

तिने तोंड उघडलं.

"ओ," ठकूबाई म्हणाली.

"कोण बोलतंय?"

"तिची सासू. ती हितंच हाय, माझ्या मांडीला मांडी लावून."

"आहे मी, मॅडम," निशिगंधा कसंबसं म्हणाली.

"बरं. हजर लावते. पण आजी रोज ओ देणार का?"

"देईन की," ठकूबाई म्हणाली. "माझं काय जायचंय आता."

फोन बंद झाला. निशिगंधाने म्हातारीचा हात धरला. "आत्या, पहिल्याच हाकेला..."

"म्हाईत हाय मला." ठकूबाईने हात सोडवला, काठी घेतली, दाराची कडी काढली. "ओ दिली तर भायेर जाऊन बघायला नको?"

ती अंगणात जाऊन मातीच्या ढिगाकडे तोंड करून उभी राहिली. फोन पुन्हा वाजला. फ्रीज थंडच होत नाही, एक बाई सांगत होत्या. निशिगंधा ते ऐकत होती, आणि अंगणात काठी वाजते का, तेही.