एकोणचाळीस मिनिटं

कर्जतमध्ये आम्ही पाच जणांनी आकाशदर्शन मंडळ काढलं, तेव्हा दुर्बीण प्रधान मास्तरांची म्हणून ते अध्यक्ष झाले. नोंदवही माझ्याकडे आली. आणि वेळ आली हरीभाऊ पोतनीसांकडे. हरीभाऊ स्टेशनात पार्सल कारकून. घरी निघताना खिशातलं घड्याळ रोज स्टेशनच्या घड्याळाशी जुळवायचे. रस्त्यात कुणी "किती वाजले?" म्हटलं की मिनिटासकट सांगायचे, आणि तेही अशा सुरात की विचारणाऱ्याला उगीच आपलं काहीतरी चुकल्यासारखं वाटावं. मला त्यांचा हा तोरा खटकायचा. पण ताऱ्यांच्या वेळा टिपायच्या तर असलाच माणूस लागतो.

त्या काळी आमच्याकडे वेळा दोन होत्या, हे आताच्या मुलांना सांगून पटत नाही. आगगाड्या स्टँडर्ड टाइमवर चालायच्या. गावातल्या बऱ्याच घरांत मात्र भिंतीवर मुंबईची जुनी वेळ असायची, एकोणचाळीस मिनिटं मागे. लढाईत सरकारने त्यात आणखी एक तास घातला आणि नंतर काढून घेतला. या सगळ्या घोळात कधीही न गोंधळलेला एकच माणूस मी पाहिला, तो म्हणजे हरीभाऊ.

सेहेचाळीसच्या मार्गशीर्षात एका संध्याकाळी एक ठळक तारा चंद्राआड जाणार होता. मास्तरांनी मुंबईचं कोष्टक उतरवून आणलं होतं, त्यात वेळ होती सात बावीस. उल्हास नदीच्या काठावर दुर्बीण लावून आम्ही कुडकुडत बसलो. "सात बावीस," हरीभाऊंनी पुकारलं. तारा होता तिथेच. "सात तेवीस." तारा तिथेच. मास्तरांनी काच पुसली, तिवई हलवली, शेवटी मी कोष्टक कसं चुकीचं उतरवलंत म्हणून त्यांच्याशी भांडलोही. बरोबर आठ वाजून एक मिनिटाने तारा पटकन नाहीसा झाला. मी वहीत वजाबाकी केली आणि मला हसू फुटलं. कोष्टक मुंबईच्या वेळेचं होतं.

"मला वाटलं, एकोणचाळीस मिनिटं हरीभाऊ मिळवून घेतील," मास्तर म्हणाले.

"मला वाटलं, तुम्ही मिळवलीत," हरीभाऊ म्हणाले.

आम्ही हसत होतो. हरीभाऊ हसले नाहीत. मला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "सुनीतीची पत्रिका चुकली असेल हो."

सुनीती त्यांची एकुलती एक मुलगी. तिचं नक्षत्र मूळ, आणि मुळावरची मुलगी सासऱ्याला वाईट, असं आमच्याकडे मानतात. पाच स्थळांनी पत्रिका पाहून परत पाठवली होती. सहावं नेरळच्या चौबळांचं. मुलाचे वडील पूर्वीच वारले होते, त्यामुळे मुळाचा प्रश्न नव्हता. थोरला भाऊ जयवंतराव, त्यानेच धाकट्याला वाढवलेलं. त्याने आनंदाने होकार दिला आणि माघातला मुहूर्तही धरला होता.

"तिचा जन्म सासुरवाडीचा, खालापूरचा," हरीभाऊ सांगू लागले. "मला सहा-दहा सांगितलं, मी ते पत्रिका करणाऱ्या जोशांना दिलं. घरातलं घड्याळ मुंबईच्या वेळेचं, म्हणून त्यांनी ती मुंबईची वेळ धरली. पण महिनाभर आधी मी हे माझं घड्याळ तिथे ठेवून आलो होतो, कळा मोजायला. त्यात बघितलं असलं तर?"

दुसऱ्या दिवशी मास्तरांनी जुनं पंचांग काढलं. सुनीतीच्या जन्माच्या सकाळी मुंबई वेळेने पावणेसहाला चंद्र ज्येष्ठेतून मुळात गेला होता. भिंतीवरच्या घड्याळातले सहा-दहा असतील तर मूळ. हरीभाऊंच्या घड्याळातले असतील तर मुंबईचे पाच एकतीस, म्हणजे ज्येष्ठा. आणि ज्येष्ठा थोरल्या दिराला वाईट.

"हरीभाऊ, त्या ताऱ्यांना नेरळ कुठे आहे हे ठाऊक नाही," मास्तर म्हणाले.

हरीभाऊंनी मान डोलावली. मग म्हणाले, "पण समजा, ठाऊक असलं तर?"

मास्तर चिडले. मला चिडता येईना. मी पत्रिका मानत नाही, पण धाकट्या भावाच्या लग्नात गुपचूप दाखवून आणली होती. पुढचे चार दिवस हरीभाऊंचे कसे गेले ते मी पाहिलं. जयवंतरावांना पत्र लिहायचे आणि फाडायचे. सांगावं तर सहावं स्थळही जाणार. न सांगावं आणि उद्या त्या भल्या माणसाला काही झालं तर? रस्त्यात कुणी वेळ विचारली तर हरीभाऊ त्यालाच विचारू लागले, "कुठली?" मला त्या माणसाची पहिल्यांदा दया आली.

पाचव्या दिवशी ते मला ओढतच घरी घेऊन गेले. बायकोला एकट्याने विचारायचा धीर होत नव्हता. विमलबाई माजघरात मोड आलेले वाल सोलत बसल्या होत्या.

"सुनीतीच्या वेळी सहा-दहा कुठल्या घड्याळात बघितलं होतं?"

"कुठल्याच नाही," विमलबाई म्हणाल्या.

हरीभाऊंनी खिशातलं घड्याळ बाहेर काढलं.

"तुमचं घड्याळ चावी न दिल्याने बंद पडलं होतं. दुसरं बाहेर ओटीवर. पोरगी झाली ती निळी. श्वास होता, आवाज नव्हता. मी सुईणीला, धोंडूबाईला, म्हटलं, जन्मवेळ बघायला सांग कुणाला तरी. ती म्हणाली, 'बाय, घड्याल र्‍हाऊ दे गं, आदी पोर वाचू दे.' नंतर तुम्ही आलात. दारातूनच विचारलंत, किती वाजता? मी कशी आहे, पोर कशी आहे, काही नाही. मला राग आला आणि मी म्हटलं, सहा-दहा. उजाडत होतं, एवढंच मला ठाऊक होतं."

"मग एकोणीस वर्षं बोलली का नाहीस?"

"दोनदा तोंडाशी आलं होतं. पण खरी वेळ कोणती म्हणून विचारलं असतंत, ती माझ्याकडे कुठे होती? स्थळं परत जायची तेव्हा मीच रडत बसायची."

हरीभाऊंनी पुढे हे सगळं नेरळला जाऊन जसंच्या तसं सांगितलं. जयवंतराव म्हणाले, ज्या मुलीला वेळच नाही तिच्यावर नक्षत्र तरी कुठलं ठेवायचं, आणि लग्न ठरल्या मुहूर्तावर झालं. पण हे नंतरचं. त्या दिवशी हरीभाऊ पाटावर बसून राहिले. मी उठून जायला हवं होतं, पण गेलो नाही.

"मग ती रडली कधी?" त्यांनी विचारलं.

विमलबाईंनी हातातला वाल खाली ठेवला.

"तुम्ही वेळ घेऊन जोशांकडे निघून गेलात," त्या म्हणाल्या, "त्यानंतर."