मार्थाबाईच्या दारात आलेलं मूल

त्या वर्षी चैत्रात माझी मुलगी गेली. जन्मली तेव्हा धडधाकट होती, खणखणीत रडली होती. बारशाच्या तयारीला घर लागलेलं असताना एका सकाळी मी तिला पाजायला उचललं, तर ती हाताला थंड लागली. ताप नाही, आजार नाही. डॉक्टर आले, त्यांनी तिचे डोळे पाहिले, छातीला नळी लावली आणि माझ्या यजमानांना बाहेर घेऊन गेले. मी रडले नाही. अंगावर अचानक गार पाणी पडावं आणि श्वास आतल्या आत अडकावा, तसं झालं होतं, आणि तो श्वास पुढे कितीतरी दिवस सुटलाच नाही. माणसं भेटायला येत, बोलत, जात. मला त्यांचे ओठ हललेले दिसत.

पौडच्या बाजारपेठेत आमचं घर. पुढे किराण्याचं दुकान, मागे राहण्याच्या खोल्या आणि त्यामागे परड्यात नुकती व्यालेली गाय. मी पुण्यात वाढलेली, मॅट्रिकपर्यंत शिकलेली. लग्न होऊन या डोंगरपट्ट्यात आले तेव्हा इथल्या देवीवर माझी श्रद्धा बसायला वेळ लागला नाही. पोटुशी असताना सासूबाई मला ताम्हिणीला विंझाईच्या दर्शनाला घेऊन गेल्या होत्या. मी स्वतःच्या हातानं ओटी भरली होती आणि डोळे मिटून मागणं मागितलं होतं. मुलगी गेल्यावर सासूबाईंनी एकदा हळूच देवीचं नाव काढलं. मी म्हणाले, आत्याबाई, पुन्हा माझ्यासमोर हे नाव नको. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणत असे. त्यांनी मान खाली घातली आणि खरोखरच पुन्हा ते नाव काढलं नाही.

माझ्या देहाला मात्र ती बातमी पोचली नव्हती. दूध येतच होतं. आत्याबाई मोगऱ्याच्या कळ्या ठेचून छातीवर ठेवायच्या आणि वरून धडपा आवळून बांधायच्या. त्यानं दूध आटतं, असं बायका सांगत. माझं आटत नव्हतं. परड्यात वासरू गायीला ढुशी द्यायला लागलं की मी कान झाकून घेई.

अशातच ते पुस्तक घरात आलं. दुकानात पुड्या बांधायला यजमान पुण्याहून रद्दी आणत. त्या गठ्ठ्यात एक कादंबरी निघाली. मुखपृष्ठ फाटलेलं, शेवटची पानं कधीच गळून गेलेली. अमेरिकेतल्या कुठल्याशा गोष्टीचं मराठी भाषांतर होतं ते. यजमानांनी ते पुड्यांत न घालता माझ्या उशाशी आणून ठेवलं. माझ्याशी काय बोलावं ते त्यांना सुचत नसे, म्हणून बहुधा पुस्तक दिलं. पहिले काही दिवस मी त्याला हात लावला नाही. मग एका दुपारी आत्याबाई चिंचा फोडत बसल्या होत्या. त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता, चिंचोका त्या बोटांनीच चाचपून काढत. त्या म्हणाल्या, ते पुस्तक मोठ्यानं वाच, मला दुपार सरत नाही. आता कळतं, दुपार मला सरत नव्हती.

गोष्ट डोंगरातल्या एका लहानशा गावाची होती. एकच रस्ता, एक दुकान, एक घंटेचं देऊळ, पलीकडे कोळशाची खाण. तिथल्या डोंगरांचं नाव अ‍ॅपलाचियन. ते मी दोनदा अडखळत वाचलं, तर आत्याबाई म्हणाल्या, "आपलाच डोंगर म्हन की." त्या गावच्या बायका मक्याची भाकरी भाजत, जुन्या कपड्यांच्या तुकड्यांची गोधडी शिवत, कुणाच्या घरी आजारपण आलं की न सांगता कालवणाचं भांडं ठेवून जात. आत्याबाईंना त्यात काहीच परकं वाटेना. लोहाराची बायको मार्था ही त्या गोष्टीतली मुख्य बाई. आत्याबाई तिला पहिल्याच दिवसापासून मार्थाबाई म्हणू लागल्या. दुकानातल्या गिऱ्हाइकांनाही मार्थाबाईच्या चुलीवर काल काय शिजलं ते सांगू लागल्या. एकदा एका म्हातारीनं मला विचारलं, मार्थाबाई म्हणजे घोटवड्याच्या का? तेव्हा माझ्या ओठांवर बऱ्याच दिवसांनी हसू आलं, आणि आपण हसलो याचाच मला धसका बसला.

पुस्तक मोठं मायाळू होतं. पण निम्म्यावर आल्यावर एका पानाशी माझा आवाज बंद पडला. मार्थाचं तान्हं मूल गेलं होतं. पाळण्यात, झोपेत, काही कारण नसताना. मी पुस्तक मिटलं. सात समुद्रांपलीकडच्या कुणा लिहिणाऱ्याला माझ्या घरातली सकाळ कशी ठाऊक? आत्याबाई चिंचेचे हात तसेच धरून बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, पुढचं वाच, त्या बाईला तिथं एकटी टाकून उठू नकोस.

मी वाचत राहिले. मार्थानं दार लावून घेतलं होतं, देवळात जाणं सोडलं होतं. गावात परमुलखातून आलेलं एक खाणकामगाराचं कुटुंब होतं, त्यांच्याशी कुणी फारसं बोलत नसे. त्या कामगाराची बायको बाळंतपणात गेली. बाहेर बर्फ पडत असताना तो माणूस कोटात गुंडाळलेलं पोर घेऊन मार्थाच्या दाराशी आला. त्यानं कडी वाजवली. मार्था उठली. तिनं अडसर काढला आणि दार उघडलं.

तिथं पुस्तक संपलं. पुढची पानंच नव्हती.

"मंग? घेतलं का तिनं?" आत्याबाईंनी विचारलं. मी सांगितलं, पान नाही. त्या चिडल्या, असं कसं नाही म्हणाल्या, पुन्हा बघ म्हणाल्या. मी मोकळा पुठ्ठा त्यांच्या हातात दिला. त्या तो बोटांनी चाचपत होत्या, तेवढ्यात मागच्या दाराशी, परड्याच्या बाजूनं, तान्ह्या मुलाचं रडणं ऐकू आलं.

जे झालं ते मी झालं तसं सांगते आहे. ऐकणाऱ्यानं त्याला काय म्हणायचं ते म्हणावं. मला त्या क्षणी वाटलं, माझं डोकं फिरलं. मी आत्याबाईंकडे पाहिलं. त्यांचाही चेहरा पांढरा पडला होता. म्हणजे त्यांनाही ऐकू आलं होतं.

परड्यात रहिमतबी उभी होती. बाजारपेठेतली मणेरीण. माझ्या डोहाळजेवणाला हिरवा चुडा तिनंच भरला होता. तिच्या पदराखाली गुंडाळलेलं मूल होतं. तिची सून आदल्या दिवशी बाळंतपणात गेल्याचं आम्हांला माहीतच नव्हतं. मला त्रास नको म्हणून घरात कुणी अशा बातम्या येऊ देत नसे. रहिमतबी उंबऱ्यापासून दूर उभी राहून बोलत होती. ती माझ्याकडे आलीच नव्हती. ती आमच्या गायीसाठी आली होती.

"आक्का, शेळीचं दूध पोटात ठरंना हिच्या. गायीचं वाईच मिळंल का?"

मूल रडत होतं, पण त्या रडण्यात आता जोर नव्हता. मांजराच्या पिल्लासारखा बारीक आवाज येत होता. आणि तो आवाज कानावर पडताच माझ्या छातीत कळ आली. बांधलेला धडपा, चोळी, पदर सगळं एका क्षणात भिजलं. मी दारात तशीच उभी. रहिमतबीला ते दिसलं आणि आपण काही मागितलंय असं वाटू नये म्हणून तिनं पटकन नजर फिरवली. आत्याबाईंना अंधुक दिसत होतं, पण दुधाचा वास त्यांना आला असावा.

मी हलू शकत नव्हते. मला भीती वाटत होती, आणि ती कशाची हे सांगणं कठीण आहे. थोडी त्या मुलाची. तेही माझ्या हातात थंड पडलं तर? थोडी आत्याबाईंची. आमच्या घरात रहिमतबीसाठी चहाची कपबशी वेगळी असायची, ती परड्यातल्या कोनाड्यात उपडी ठेवलेली असे. चुडा भरायला ती यायची तेव्हा ओसरीच्या आत आलेली मी कधी पाहिली नव्हती. मी आत्याबाईंच्या तोंडाकडे बघत राहिले. त्या नाही म्हणाल्या असत्या तर मी कदाचित सुटले असते.

आत्याबाई उठल्या. खुंटीवरची आपली गोधडी त्यांनी ओढली आणि माजघरात जमिनीवर पसरली. मग दाराकडे तोंड करून म्हणाल्या, "रहिमत, आत ये." आणि मला म्हणाल्या, "ती लांबची बाई घील न्हाई तर न्हाई. हितं आपल्या दारात आलंय. बस खाली, पोरी."

मी बसले. धडप्याची गाठ आत्याबाईंनीच सोडली. रहिमतबीनं मूल माझ्या मांडीवर ठेवलं. मुलगी होती. तिला धड ओढताही येईना. मी बोटानं तिच्या ओठांवर थेंब सोडला, पुन्हा सोडला, आणि मग तिनं जे धरलं ते सोडेचना. त्या वेळी माझा अडकलेला श्वास सुटला. मी रडायला लागले, मोठ्यानं, लाज सोडून. रहिमतबीही रडत होती. आत्याबाई मात्र रडल्या नाहीत. त्या भिंतीला टेकून बसल्या आणि हलक्या आवाजात, ज्या देवीचं नाव मी घरात बंद केलं होतं, तिचं नाव घेऊ लागल्या. मी त्यांना थांबवलं नाही.

संध्याकाळी यजमान दुकान आवरून आत आले. माजघरात रहिमतबी, माझ्या मांडीवर झोपलेलं मूल. ते बराच वेळ दारात उभे राहिले. मग तसेच मागे फिरले, बंद दुकान पुन्हा उघडलं आणि आळीव आणि खारकांच्या पुड्या आणून त्यांनी माझ्यासमोर ठेवल्या. पेठेत बोलणं झालं, नाही असं नाही. काही गिऱ्हाइकं तुटली, काही परत आली. आत्याबाईंशी वाद घालायला मात्र कुणी धजावलं नाही.

मुलीचं नाव शमीम ठेवलं. ती दिवसातून अनेकदा माझ्याकडे येई, पुढे पुढे बराच वेळ माझ्याकडेच असे. रहिमतबीनं मला एकदा सांगितलं की त्यांच्यात दूध पाजणारी ही आईच धरतात, तिची मुलं ती सख्खी भावंडं. म्हणाली, "हिची एक आई मातीत गेली. एक हाय."

पण मी जिला भीत होते ती वेळ आलीच. शमीम चालायला लागली, दुधात कुस्करलेली भाकरी खाऊ लागली. तिचा बाप जत्रांतून बांगड्या विकत फिरायचा, त्याला तळेगावला बाजारात कायमची जागा मिळाली. सगळं बिऱ्हाड तिकडे निघालं. मी स्वतःला आधीच बजावून ठेवलं होतं की पुन्हा तसंच होणार, पुन्हा हात रिकामे. एस.टी. सुटताना शमीम रहिमतबीच्या खांद्यावर गाढ झोपली होती. मी तिच्या पायांतले वाळे नीट केले आणि बाजूला झाले. धुरळा खाली बसला. मी वाट बघत होते की आता आत काहीतरी तुटेल. काहीच तुटलं नाही. मला नवल वाटलं, भयही वाटलं. मी दगड झाले की काय?

घरी येऊन मी आत्याबाईंना तेच विचारलं. त्यांनी मला ओसरीवर बसवलं आणि आजवर कधी न सांगितलेली गोष्ट सांगितली. मुळशीचं धरण बांधलं तेव्हा त्यांचं माहेरचं गाव पाण्याखाली गेलं. त्या तेव्हा नवी नवरी होत्या. पाणी चढू लागलं तरी वडील घर सोडेनात म्हणून त्यांना आणायला भावाबरोबर गेल्या. म्हातारा घराच्या दाराची चौकट दोन्ही हातांनी धरून उभा होता. पाणी गुडघ्याला लागलं तरी सोडेना. भावानं एकेक बोट उकलून त्याचे हात सोडवले.

"चौकट धरून वर येता येत न्हाई, पोरी," आत्याबाई म्हणाल्या. "हात सोडलं तवा वर आला. आन् लई वर्सं जगला. हसत जगला."

आज त्या नाहीत. शमीम तिच्या संसारात आहे, ईदेला येते, राखीपौर्णिमेला येऊन मला नंतर झालेल्या मुलांना राखी बांधते. मी देवीला जाते, ओटी भरते, मागणंही मागते. माणूस आहे, मागितल्यावाचून राहवत नाही. पण त्या दुपारपर्यंत देव म्हणजे देणारा किंवा हिरावून घेणारा, एवढंच मला ठाऊक होतं. तो परड्याच्या दारानं येऊन, उंबऱ्यापासून दूर उभा राहून, संकोचानं आपल्याकडे काही मागतोही, हे मला कुणी शिकवलं नव्हतं. त्यानं मागितलं, आणि माझ्याकडे ते होतं. याबद्दल मी त्याची ऋणी आहे.