दोन बोटं जादा कापड

शुक्रवार पेठेतला आमचा शिंपी लई आशेचा माणूस. कुणाचंही माप घेताना म्हणणार, "अंग भरंल की काका, तवा सदरा उसवून मोठा करू," आन् शिवणीत दोन बोटं कापड जादा सोडणार. मी दर वेळी त्याला येडा म्हणायचो.

औंदा दवाखान्यातनं आल्यावर सदरा शिवायला गेलो. त्यानं छातीचं माप घेतलं, टेप पुन्हा लावून बघितली आन् गपगुमान मापाबरहुकूम खडूची रेघ ओढली.

"जादा कापड?"

"ऱ्हाऊ द्या काका. असाच नीट बसंल."

डॉक्टरला मी भ्यालो न्हवतो. हितं मात्र त्या रेघेला भ्यालो. कुणापुढं हात न पसरलेला मी म्हणालो, "सोड की रं दोन बोटं."

त्यानं रेघ पुसली, बाहेरनं ओढली. माझ्याकडं बघितलं न्हाय.