पॅट्सी नेव्हिल कोण?

अँब्रोझ हेफर्ननचा डावा कान कोबीच्या गड्ड्यासारखा होता. रग्बीत समोरच्यांच्या खांद्यांत डोकं खुपसून जोर लावायचा, तिथं कान असाच रगडून निघतो. आयर्लंडचा हिरवा सदरा त्यानं सहा वेळा अंगात घातला. पुढं वकील झाला, मग न्यायाधीश. पण आमच्या बॅलीडार गावात तो आपला अँबीच. वकिलाचा पोरगा, लोहाराच्या मॉसी कल्हेनच्या गळ्यात गळा घालून वाढलेला.

दोघंही गावच्या संघातून हर्लिंग खेळायचे, म्हणजे वाकड्या काठीनं चेंडू हाणायचा आयरिश खेळ. हर्लिंग आपलं, रग्बी इंग्रजांची. जो रग्बीला हात लावेल त्याला हर्लिंगमधून हाकलायचं, असा तेव्हा नियम होता. अँबीला दोन्ही पाहिजे होतं. शनिवारी लिमरिकला जाऊन तो रग्बी खेळायचा, पॅट्सी नेव्हिल या नावानं. रविवारी गावात हर्लिंग. मॉसी लिमरिकला त्याच्यासोबत जायचा, नुसता बघायला.

कुणीतरी चुगली केलीच. हर्लिंगचा अंतिम सामना तोंडावर असताना हर्लिंग मंडळाचा माणूस मैदानावर आला आणि पोरांना उभं करून म्हणाला, "तुमच्यातला पॅट्सी नेव्हिल कोण?"

मॉसीनं अँबीकडं पाहिलं. अँबी बुटाची नाडी बांधायला खाली वाकला. नाडी बांधलेलीच होती.

"मी हाय," मॉसी म्हणाला.

त्याच्यावर दोन वर्षांची बंदी आली. आमचं गाव अंतिम सामना जिंकलं, अँबीनं पदक घेतलं नि पुढं उघड रग्बीकडं वळला. मॉसीला मैदानात पाऊल टाकायची मनाई, म्हणून त्यानं भिंतीबाहेर गाडीवर उभं राहून सामना बघितला. बंदी उठेस्तोवर त्याचा गुडघा भट्टीपाशी जायबंदी झाला, पुन्हा काही तो खेळला नाही. अँबी दर नाताळाला बाटली घेऊन त्याच्याकडं यायचा, शेगडीकडं बघत बसायचा नि निघून जायचा. ती गोष्ट दोघांनीही कधी काढली नाही.

पन्नाशी उलटल्यावर एकदा आमच्या कोर्टाचे नेहमीचे न्यायाधीश आजारी पडले. त्यांच्या जागी अँबी आला. खोट्या नावाची त्याला भारी चीड, हे साऱ्या जिल्ह्याला ठाऊक होतं. त्या दिवशीही बंद व्हायची वेळ टळून गेल्यावर दारूच्या गुत्त्यात सापडलेली आठ माणसं समोर होती. त्यातल्या एकानं पोलिसाला बिशपचं नाव सांगितलं होतं. अँबीनं त्याला चांगलाच झाडला. "ज्याला स्वतःचं नाव घ्यायची लाज वाटते, तो माणूस कसला?"

मग पोलीस तुओहीनं पुढचा माणूस उभा केला, आमचा मॉसी. "मॉरिस कल्हेन. यानंही खोटं नाव दिलं, साहेब. पॅट्सी नेव्हिल."

मागच्या बाकावरून कुणीतरी फिस्सकन हसलं. त्याला कुणी कोपर मारलं, तर तेही हसलं. म्हातारी मिसेस ड्रिनन शेजारणीला म्हणाली, "बग की गं, नेव्हिलच पुसनार, नेव्हिल कोन म्हनून!"

अँबीचा कोबीचा कान लालभडक झाला. एवढी वर्षं त्याला वाटत होतं, ही गोष्ट दोघांतच आहे.

"हेच नाव का दिलंत?" त्यानं विचारलं.

"त्वांडात आलं त्ये दिलं, सायेब. तुमी येनार हे ठावं असतं तर दुसरं दिलं असतं."

"खटला काढून टाकतो. घरी जा."

मॉसी हलला नाही. "का म्हनून? बाकीच्या सातांस्नी दंड, आन् मला का न्हाई? मला सोडलं म्हंजी तू सुटलास व्हय रं अँबी?"

कोर्टात असं 'रं' कुणी ऐकलं नव्हतं. तुओही आवाज चढवणार, तोच अँबीनं हात वर केला.

"हा खटला मला चालवता येत नाही. दुसऱ्या न्यायाधीशांकडं पाठवा."

कारकुनानं मान वर केली. "कारण लिहावं लागतं, साहेब. काय लिहू?"

अँबी खाली बघू लागला. टेबलाखाली त्याचे बूट होते. सगळं कोर्ट बघत होतं, आता हा वाकतो की काय.

"लिहा," तो म्हणाला. मग एवढ्या वर्षांत त्याच्या तोंडून न निघालेली गावची बोली निघाली. "त्ये नाव माजं हाय. ह्याचं न्हाई. कदीच नव्हतं."

बायाबापड्या आपापल्या मांडीकडं बघत बसल्या.

"येवढ्या मोट्यानं कशाला, गड्या?" मॉसी हळूच म्हणाला. "आमास्नी काय ठावं नव्हतं?"

अँबीला उठून जाता येईना, कोर्ट अजून चालू होतं. पुढचा खटला रस्त्यावर मोकाट सोडलेल्या गाढवाचा. तो त्यानं सबंध ऐकला, एकदाही मान वर न करता.