सल्ल्याचा उपवास

राखेच्या बुधवारी उपवासकाळ सुरू झाला, तेव्हा निवृत्त शिक्षक जोकीम तुस्कानो यांनी ठरवलं, ईस्टरपर्यंत कुणालाही सल्ला द्यायचा नाही. बायको रेमेत म्हणाली, "त्यापेक्षा मासळी सोडा, जमेल तरी."

शुक्रवारीच शेजारचा काशीराम वाडीत दुधीचा मांडव बांधायला लागला. मांडव इतका ठेंगणा, की दुधी जमिनीला टेकले असते. सर कुंपणापाशी गेले, खाकरले आणि गप्पच राहिले.

त्या गप्प राहण्यानं काशीराम घाबरला. "सर, बरं नाय काय? का माझंच कायतरी चुकतंय?"

"रविवारी मिस्सा आटोपून आलो की सांगतो," सर म्हणाले. "रविवारी आम्हाला उपास नसतो."

काशीरामनं सुतळी गुंडाळून ठेवली.