आर्व्होवाली चिठ्ठी

हे आजवर माझ्या तोंडून बाहेर पडलेलं नाही. नवऱ्यालाही ठाऊक नाही — आणि त्याला तर मी ऑफिसातली प्रत्येक बारीकसारीक कटकट ऐकवते. तुम्हालाच का सांगतेय? तुम्ही आमच्या रस्त्यावर राहत नाही, म्हणून असेल.

आम्ही वेंटवर्थव्हिलला घर घेतलं तेव्हा या रस्त्यावर आपली अशी दोनच घरं होती. बाकी सगळी जुनी बैठी घरं, आणि त्यांत रेल्वेतून नाहीतर कारखान्यातून रिटायर झालेली गोरी माणसं. शेजारच्या बेव्हने पहिल्याच आठवड्यात कुंपणावरून लिंबं दिली. इथल्या बोलीत ‘आर्व्हो’ म्हणजे दुपार, हेही तिनेच शिकवलं. मी ‘गुड आफ्टरनून’ म्हणायचे आणि ती हसायची.

मग एकेक बैठं घर पडलं, दुमजली डुप्लेक्स — जोडघरं — उभी राहिली; जुन्यांतली एक बेव्हच उरली. आपली मंडळी आली — मोठ्या पगाराची, थेट नवंकोरं घर घेणारी. काही जण एकाच घरात दोन-दोन कुटुंबं राहणारे. मला आनंद व्हायला हवा होता ना? मला वैताग आला. समोर अमृता, तिचा नवरा, दीर, जाऊ आणि चार गाड्या. एक फुटपाथवर आडवी, एक अर्धी आमच्या गेटसमोर. कचऱ्याच्या डब्याचं झाकण लागेल तर शपथ. दाराशी चपलांचा ढीग. इथल्या लोकांनी आपल्याला नीटनेटकं म्हणावं म्हणून आम्ही पंधरा वर्षं जीव काढला, तो याच्यासाठी? आणि तोंडावर सांगणार कसं? अमृता मला काकू म्हणते, शनिवारी गरम थालीपीठ आणून देते.

म्हणून मी चिठ्ठी लिहिली. कॉम्प्युटरवर, इंग्रजीत, बिननावाची, आणि अमृताच्या टपालपेटीत टाकली. पूर्ण आर्व्हो फुटपाथ अडलेला असतो, आमच्या रस्त्यात हे चालत नाही — असं काहीतरी. ‘आर्व्हो’ मुद्दाम घातलं. आपल्यापैकी कुणी लिहिलीय असं वाटू नये, एवढंच — असं मी स्वतःला सांगत आले. खरं सांगू? या रस्त्यावर तो शब्द एकच बाई वापरायची. आणि ते मला लिहितानाच माहीत होतं.

अमृता चिठ्ठी घेऊन आली ती माझ्याकडेच. रडवेली झाली होती.

“काकू, ही बेव्हचीच. आर्व्हो दुसरं कोण म्हणतं इथे? आपण इंडियन्स आलेले खुपतंय तिला.”

तेव्हा बोलता आलं असतं. मी काय म्हणाले?

“जाऊ दे गं. म्हातारी आहे.”

झालं. बेव्ह वॉकर घेऊन चालायची. फुटपाथवर गाडी आडवी असली की मुकाट रस्त्यावर उतरून पुढे जायची. तिने कधी चकार शब्द काढला नव्हता. पण महिन्याभरात रस्ताभर झालं — बेव्ह रेसिस्ट आहे. मुलं तिच्याकडे जायची थांबली. दिवाळीला कुणाकडूनच तिला फराळ गेला नाही. माझ्याकडूनही नाही — देताना कुणी पाहिलं असतं तर? तिने कुंपणावर ठेवलेली लिंबांची टोपली तशीच सुकली. एकदा तिने मला विचारलंही, “हॅव आय डन समथिंग, लव्ह?” मी म्हटलं, नो, नो, सगळे बिझी आहेत. वर अगदी इथल्यासारखं ‘नो वरीज’ही म्हणाले. किती सहज म्हणाले.

पुढच्या वर्षी ती घर विकून मुलीकडे न्यूकॅसलला गेली. लिंबाचं झाड घराबरोबरच गेलं. आता तिथेही डुप्लेक्स आहे.

परवा अमृता तणतणत आली. त्या डुप्लेक्समध्ये नवे भाडेकरू आलेत आणि त्यांची गाडी रोज हिच्या गेटसमोर. सांगायचं कसं म्हणे, आपलेच लोक आहेत.

“ती बेव्ह असती ना काकू, तर एव्हाना चिठ्ठी टाकली असती,” ती म्हणाली आणि हसली.

मीही हसले.